आशूस, बनारसच्या मुक्कामी

कोरेगाव,
गुरुवार, 11 डिसेंबर 2025

चि. आशूस अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. दोन मजली लोखंडी पलंग, त्याला निळा पडदा, भिंतीवर कुणीतरी रंगवलेली होडी. खाली लिहिलंस, ‘पोचले. गाडी पाच तास लेट होती.’ बास. आईला तू वेगळं काहीतरी लिहिलंयस. ती वाचून हसली आणि फोन पदराखाली ठेवला. मी विचारलं नाही.

हे डायरीच्या पानांवर लिहितोय, बारक्या फोटो काढून पाठवील. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, मग तू गप्प होतेस, आणि तू गप्प झालीस की मला आणखी बोलावंसं वाटतं. कागदावर निदान खोडता येतं. हे दुसरं पान आहे. पहिलं फाडलं, त्यात नुसता तुझा दम्याचा पंपच होता. पंपाबद्दल अवाक्षर काढणार नाही असं आईला कबूल केलंय, तेव्हा ते राहू दे.

आधी रविवारचं बोलतो. तू बनारसला हॉस्टेलात उतरणार म्हणून सांगत होतीस. ‘चांगल्या घरच्या मुली असल्या ठिकाणी उतरत नाहीत’ असं मी म्हणालो. भरल्या ताटावर म्हणालो, आजीसमोर, बारक्यासमोर. तू भाताला हात न लावता उठलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेलीस. स्टँडवर सोडायला मी आलो नाही. पायऱ्यांपर्यंत आलो होतो, चपला घातल्या होत्या. मग परत फिरलो. आशू, ते वाक्य चुकीचं होतं. जागेबद्दल चुकीचं होतं आणि तुझ्याबद्दल तर होतंच. तू दीड वर्ष पगारातून बाजूला टाकून हे पैसे जमवलेस, रजा मिळवलीस, रात्रीचे साडेपाचशे रुपये भाडं, इतके मुक्काम, इतकं जेवण, असा वहीत हिशेब मांडून मला दाखवलास. गाडीवर कंडक्टर म्हणून तिकिटांचं वेबिल लिहिणाऱ्या माणसाला तो हिशेब कळायला हवा होता. मी त्यातली फक्त एक ओळ वाचली, आठ पलंगांची खोली, बायका-पुरुष एकत्र.

मुलींची खोली भरली होती हे तू सांगितलंस. स्वतंत्र खोलीला तिप्पट पैसे पडतात हेही सांगितलंस. वरचे पैसे मी देतो, असं मी म्हणालो, आणि मला वाटलं मी मोठं मन दाखवलं. आई नंतर म्हणाली, ‘तुम्ही तिला पैसे दिले नाहीत, तिची वही बंद केलीत.’

आता तू तिथं आहेस, त्या खोलीत दोन रात्री काढल्यास, तेव्हा काय लिहू? थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो. तू ऐकलेलं आहेस, तरी सांगतो. परक्या जागी, परक्या माणसांत झोपायचं कसं यावर माझी बत्तीस वर्षं गेली.

मुक्कामी गाडी तुला आठवत असेल. संध्याकाळी डेपोतून निघायची, अंधार पडल्यावर शेवटच्या गावात पोचायची आणि पहाटे दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन परत यायची. मधली रात्र ड्रायव्हर-कंडक्टरची. कधी गाडीतच सीटवर आडवं व्हायचं, कधी मारुतीच्या देवळात, कधी शाळेच्या व्हरांड्यात. पावसाळ्यात तापोळ्याकडच्या रात्री अशा असायच्या की गाडीचं छप्पर गळतंय की डोंगर गळतोय हे कळू नये. कॅशची पिशवी उशाखाली आणि तिचा पट्टा मनगटाला. रोकड कमी भरली तर खिशातून भरावी लागायची, म्हणून ती सवय हाडात मुरली. निवृत्तीनंतरही वर्षभर मी उजवा हात उशीखाली घालून झोपत होतो, आईला विचार.

तर कप्प्याला कुलूप स्वतःचं लाव, तिथलं घेऊ नकोस. मी दिलेलं पितळी कुलूप तू स्वयंपाकघरात विसरलीस की मुद्दाम ठेवलंस ते मला माहीत नाही. तिथं बाजारातून एक घे. आधार कार्ड, थोडे पैसे आणि फोन अंगाबरोबर, बाकी कप्प्यात. सगळे पैसे एका जागी ठेवू नकोस. पलंग खालचा माग. वरच्या पलंगावर पंख्याचा नाहीतर एसीचा झोत थेट अंगावर येतो, आणि रात्री एकदम उठावं लागलं तर अंधारात शिडी चाचपडत उतरावं लागतं. चपला डाव्या बाजूला, पाय टाकला की सापडतील अशा. उशी-पलंगाच्या फटीत बॅटरी मारून ढेकूण बघ. डेपोच्या विश्रांतिगृहात मी हे न बघता एकदाच झोपलो.

आणि त्यांची रजई घेऊ नकोस. आपली सोलापुरी चादर नेली आहेस ना? तीच खाली, तीच वर. थंडी वाजली तर स्वेटर घालून झोप, पण दहा जणांनी पांघरलेली, कधी उन्हात न पडलेली रजई तोंडावर ओढून झोपू नकोस. त्यात काय काय असतं ते तुला डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं, डोळ्यांना न दिसणारे ते किडे. तेवढ्यानं पहाटे तीनला छाती भरते. आणि तीनला छाती भरली तर पंप कप्प्यात कुलपाखाली असून काय उपयोग?

लिहिलंच शेवटी. खोडत नाही आता.

निळा पंप उशाशी ठेव, एवढंच. कप्प्यात नको, सॅकमध्ये नको. सकाळ-संध्याकाळचा दुसरा चुकवू नकोस, घेतल्यावर चूळ भर. तिकडं थंडीत धुकं जमिनीला टेकतं, गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, सगळा धूर खाली बसतो. मणिकर्णिकेवर तर रात्रंदिवस चिता जळतात, तिथं फार वेळ उभी राहू नकोस. लांबून होडीतून बघ. पहाटेचा घाट बघायचा तर नाकातोंडाला ओढणी बांधून जा. तू पंचवीस वर्षांची आहेस, वीस वर्षं हा आजार तूच सांभाळतेस, मला यातलं तुझ्याएवढं कळत नाही. तरी लिहितोय. रागावू नकोस.

आजीचं सांगतो, म्हणजे तुला बरं वाटेल. तू गेल्यापासून ती ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘नात काशीला गेलीय.’ काल शेजारच्या काकूंनी विचारलं, एकटीच? तर म्हणाली, ‘काशीत कोण एकटं असतं?’ तिला हॉस्टेल म्हणजे काय ते मी समजावायला गेलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे धर्मशाळाच की. पाण्याची सोय आहे ना? मग झालं.’

ती 1988 साली गेली होती. वाडीतल्या सतरा बायका, तीन बाप्ये आणि एक आचारी. ट्रंकेत पीठ, मेतकूट, लसणाची चटणी, घासलेटचा स्टोव्ह. गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं होतं, ताशे वाजत होते आणि माझी आत्या रडत होती. जुन्या माणसांच्या डोक्यात होतंच, काशीला गेलेला परत येईल तेव्हा खरा. तिथं धर्मशाळेच्या एका लांब खोलीत भिंतीला पाठ लावून ओळीनं सगळ्या झोपल्या. पलीकडच्या भिंतीला तेलंगणातली माणसं, त्यांची भाषा हिला कळेना. तरी तिथल्या एका बाईनं हिच्या पायाला भेग पडलेली बघून मेण लावून दिलं, हे ती अजून सांगते. सीताफळ सोडलं ते तिथंच. परत आल्यावर मावंदं घातलं, पुरणाच्या पोळ्या, अख्खा वाडा जेवला. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, आज तू आहेस तेवढाच. दोन वर्षं झाली होती नोकरीला. रजा मिळत असून मी तिच्याबरोबर गेलो नाही. आजपर्यंत काशी बघितली नाही मी. आपल्या घरातून काशीला जाणारी तू दुसरी, हे मी रविवारी म्हणायला हवं होतं.

ती गंगेचं पाणी मागते आहे. तांब्याचा गडू मिळाला तर बघ, नाहीतर बाटली चालेल.

ती आणखी एक म्हणाली. ‘अहिल्याबाईंच्या घाटावर जाऊन ये म्हणावं तिला.’ तू इतिहासाची पोर, तुला मी काय सांगणार. विश्वेश्वराचं देऊळ त्या माउलीनं 1780 साली पुन्हा उभं केलं ते सगळ्यांना माहीत असतं. पण तिनं देशभर ज्या धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रं घातली, विहिरी आणि बारवा खोदल्या, ते मला मोठं वाटतं. कंडक्टरला वाटणारच. देवळात माणूस घटकाभर थांबतो, रात्र काढायला त्याला छप्पर लागतं. कुठला कोण, कुठल्या जातीचा, कधी येईल ठाऊक नाही, त्याच्या पाठीला टेकायला भिंत असावी असा विचार महेश्वरात बसून एका बाईनं केला.

आणि तुझ्या त्या जर्मन मास्तरांचंही. तू रविवारी सांगत होतीस तेव्हा मी मध्येच तोडलं. काल बारक्याला म्हटलं, ती काय सांगत होती ते मला शोधून वाच. त्यानं वाचलं. रिखार्ड शिरमान नावाचे शिक्षक, पोरांना घेऊन आठ दिवसांच्या पायी सहलीला निघालेले, 26 ऑगस्ट 1909 ला वादळात सापडले. एका गावातल्या शाळेचा वर्ग उघडून मिळाला, शेतकऱ्यानं गवत आणि दूध दिलं, पोरं गवतावर झोपली. सुट्टीत सगळ्या शाळा रिकाम्याच असतात, तर चालत हिंडणाऱ्या पोरांना त्या राहायला का देऊ नयेत, हे त्यांना त्या रात्री सुचलं. पुढं 1912 साली आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांनी कायमचं वसतिगृह उघडलं आणि तिथून ही कल्पना जगभर गेली. बारक्यानं वाचलं की पोरं गाढ झोपली होती आणि मास्तर जागेच होते. मी त्याला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. शाळेत झोपलेला माणूस आहे मी. फळ्यावर कालची तारीख, कोपऱ्यात पोरांची पट्टी-पेन्सिल, आणि बाहेर धो-धो पाऊस. तुझी ती वसतिगृहं अशा एका रात्रीतून निघाली हे मला आधी कळलं असतं तर मी त्यांना ‘असल्या ठिकाणी’ म्हणालो नसतो.

माझ्या वहीत असंच होतं, एक सांगायला जातो आणि भलतंच लिहून बसतो. आता जे सांगायचं होतं ते सांगतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

दादरची धर्मशाळा तुला किती आठवते? तू सहा संपून सातव्यात होतीस, शाळेला मेची सुट्टी. 2007 साल. आईचं टाटात चालू होतं. तुला ठेवायला कुणी नव्हतं, आजीचं तेव्हा बारक्यात आणि जनावरांत अडकलेलं. गाडगेबाबांच्या नावाच्या त्या धर्मशाळेत आपल्याला जागा मिळाली, तुलाही राहू दिलं. तू जिन्यात बसून चित्रं काढायचीस. आसाम, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आपलं विदर्भ, कुठली कुठली माणसं. सगळ्यांच्या हातात त्याच प्लास्टिकच्या पिशव्या, त्यात तेच मोठे फोटो. तिथं कुणी कुणाला जात विचारत नव्हतं, फक्त कितवी केमो ते विचारायचं. सकाळी उठून आपल्या आपल्या जागेपुरतं झाडून काढायचं, हे मला तिथं फार आवडलं. ज्यांच्या नावाची जागा त्यांनी आयुष्यभर हातात खराटा धरलेला.

आई त्या रात्री दवाखान्यातच होती. तुला रात्री दोन-अडीचला दम लागला. पुढची गोष्ट घरात अशी सांगितली जाते की अण्णा रात्रभर पोरीच्या उशाशी जागे होते, श्वास बिघडलेला लगेच त्यांच्या कानाला कळला, तसंच उचलून टॅक्सीनं परळला वाडियात नेलं, तिथं वाफ दिली आणि पोर वाचली. मामा सांगतो, आत्या सांगते. तुझ्या दहावीच्या सत्काराला कुणीतरी माइकवर सांगितलं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं.

आशू, मी झोपलो होतो.

तीन रात्रींचा जागा होतो हे खरं, पण त्या रात्री झोपलो होतो. तुझ्या शेजारी, हातभर अंतरावर. तुझी छाती घरघरत होती, तू उठून बसली होतीस, मला हाक मारायला तुला श्वास पुरत नव्हता, आणि मी घोरत होतो. पलीकडच्या गादीवर गाझीपूरची एक बाई होती. तिचा बारा वर्षांचा मुलगा, त्याला रक्ताचा. तिनं ऐकलं. आपल्या पोराच्या कण्हण्याकडे कान लावून ती बाई रोज जागीच असायची, त्यात तिला तुझा श्वास वेगळा ऐकू आला. तिनं तुला मांडीवर टेकवून सरळ बसवलं, खिडकी उघडली, पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मला पायानं हलवलं. ‘ए भइया, उठो, बिटिया की साँस देखो.’ तिचा नवरा अनवाणी खाली पळाला, टॅक्सी त्यानं थांबवली. मी फक्त तुला उचललं. टॅक्सीत तू माझ्याकडे बघत नव्हतीस, मागच्या काचेतून त्या बाईकडे बघत होतीस.

सकाळी मामा आला. दवाखान्याच्या दारात त्यानं विचारलं, कसं कळलं तुला? मी म्हणालो, जागाच होतो. का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. आई तिकडे त्या अवस्थेत, मी बाप, आणि झोपलो होतो, हे तोंडातून निघेना. एकदा म्हणालो ते म्हणालो, मग तेच पुढं चालू राहिलं.

त्या दिवसापासून मी तुझा श्वास ऐकत झोपायला लागलो. कॉलेजला पुण्याला गेलीस तोवर तुझ्या खोलीचं दार कधी पूर्ण लावू दिलं नाही, त्यावरून किती भांडणं झाली आपली. तुला वाटायचं अण्णांचा विश्वास नाही. रविवारीही तुला तेच वाटलं असणार. परके पुरुष खोलीत आहेत म्हणून मी बिथरलो, हे खोटं नाही, बाप आहे, ते मनात येतंच आणि येत राहील. पण त्याच्या खाली दुसरंच होतं. आणखी सात माणसं, त्यांतल्या एकालाही तुझा श्वास माहीत नाही. कानात बोंडं घालून झोपतात म्हणे हल्ली. तीनला तुला हाक मारता आली नाही तर कोण उठेल?

काल रात्री हे सगळं आईला सांगितलं. अठरा वर्षांनी. ती अंधारात म्हणाली, ‘मला माहीत होतं. त्या बाईनंच सांगितलं होतं मला, दुसऱ्या दिवशी वॉर्डात येऊन. तुझ्या नवऱ्याला रागावू नकोस म्हणाली, दमलाय तो.’ मग बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. शेवटी तीच म्हणाली, ‘त्या खोलीत बाया होत्या, बाप्ये होते, पोरं होती. भिंत नव्हती म्हणून तिला ऐकू गेलं. वेगळी खोली घेऊन राहिलो असतो तर?’

मी त्यावर काय बोलणार होतो. म्हणून सकाळी उठून लिहायला बसलो.

त्या पोराचं पुढं काय झालं ते आपल्याला कळलं नाही. जूनमध्ये आपण परत आलो, त्यांचं अजून चालू होतं. नावही मी विचारलं नाही, गाझीपूरवाली एवढंच. गाझीपूर तुझ्या आत्ताच्या मुक्कामापासून लांब नाही, नकाशात बघितलं, गंगेच्याच काठाला आहे. आता त्या लोकांना मुंबई गाठावी लागत नसेल. 2019 पासून टाटाचं मोठं रुग्णालय बनारसमध्येच आहे, विद्यापीठाच्या आवारात. तुला तिकडं जा असं म्हणत नाही. रस्त्यात दिसलं तर दिसू दे.

तर माझं एवढं ऐक. खोलीतल्या एका माणसाला सांगून ठेव. बाई असली तर बरं, नसली तर जो कुणी खालच्या पलंगावर, तुझ्या जवळ असेल तो. लाजू नकोस. म्हण, मला दमा आहे, रात्री मी उठून बसलेली दिसले आणि बोलत नसले तर हा निळा पंप माझ्या हातात द्या, मला सरळ बसवा आणि खालच्या ऑफिसातल्या माणसाला उठवा. पंप कुठं ठेवलाय ते त्याला बोटानं दाखव. हॉस्टेलवाल्यालाही सांग, आणि जवळचा दवाखाना कुठला, रात्री उघडा असतो का, ते विचारून ठेव. दर मुक्कामाला नवी माणसं येतील, दर मुक्कामाला नव्यानं सांग. ऋषिकेशला गेलीस की तिथंही. कंटाळा येईल, तरी सांग. मुक्कामी गाडी घेऊन नव्या गावात गेलो की आम्ही सगळ्यात आधी कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्याला रामराम करून, कुठं झोपतोय ते सांगून ठेवायचो. ड्रायव्हरमामांना एकदा रात्री विंचू चावला, तेव्हा तोच म्हातारा कंदील घेऊन पुढं चालला होता.

आणि तुझ्या शेजारी कुणी तापानं पडलं, कुणाचं पोट बिघडलं, तर तूही उठ. तुला सांगायला नको हे, तू उठशीलच.

परवा तुला घाटावर बसलेलं बघायला मला आवडलं असतं. फोटो पाठवलास तर आजीला दाखवीन. तिला पलंगाचा फोटो दाखवला, ती म्हणाली, वर चढताना पडू नको म्हणावं. म्हणजे तीही माझ्यासारखीच. दूध दवाच्या गारव्यात ठेवून फेसाची मिठाई करतात म्हणे तिकडं, फक्त थंडीत मिळते, ती खा. पण पहाटेची गार खाऊ नकोस, थोडं ऊन आलं की खा. बघ, परत सुरू झालं माझं.

पैसे मी पाठवणार नाही, वहीत तुझा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. अडचण आली तर मात्र बारक्याकडे न सांगता मला सांग. मी रात्री जागा असतो.

पंपाच्या मागं छोट्या खिडकीत आकडा असतो, किती दाब शिल्लक आहेत त्याचा. निघताना तू बघितला होतास का ते मला माहीत नाही. आज बघ. लिहायची इच्छा नसेल तर बाकी काही लिहू नकोस, तेवढा आकडा कळव.

तुझे
अण्णा

ता.क. कुलूप तू विसरली नव्हतीस. आईनं आत्ता सांगितलं, तिनंच तुझ्या सॅकच्या खालच्या कप्प्यात टाकलंय, टॉवेलात गुंडाळून. किल्ली सुतळीत बांधलेली आहे.